करमणूक उद्यानातील वेष आणि सभ्यतेचे माप

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल प्रथम आभार मानतो. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकची परीक्षा देऊन शिक्षकीपेशात शिरलो आणि मुलांना शुद्धलेखन व गणित शिकविण्यात सारी हयात घालवून निवृत्त झालो. त्यामुळे विषय निवडताना वेदान्ताकडे किंवा राजकारणाकडे न वळता, आपल्या मंडळापुढे प्रत्यक्ष उभा असलेला एक लहानसा प्रश्न घ्यावा असे आम्हांस वाटले.

गेल्या वर्षी मंडळाची कौटुंबिक सहल एका जलक्रीडा उद्यानात गेली होती, हे आपणांस ठाऊकच आहे. सहल आनंदात पार पडली. तथापि परतल्यावर कुरबुर सुरू झाली. काही तरुण मुली व सुना यांनी पाण्यात उतरताना जो पोशाख केला तो कित्येक वडीलधाऱ्यांना रुचला नाही. उलटपक्षी, आपल्या दोन वृद्ध भगिनी नेहमीच्या नऊवारी लुगड्यात पाण्याकडे गेल्या असता उद्यानाच्या नोकराने त्यांना काठावरच अडविले व 'या कपड्यांत आत जाता येणार नाही' असे बजावले. म्हणजे एकीचा पोशाख तोकडा म्हणून दोष आणि दुसरीचा लांब म्हणून दोष! त्यानंतर, यंदाच्या सहलीसाठी मंडळाने पोशाखाचा नियमच करावा, अशा अर्थाच्या सूचना कार्यकारी मंडळाकडे आल्या. त्यांचा निर्णय व्हावयाचा आहे. तो होण्यापूर्वी या विषयाचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

वेषासंबंधीचे नियम पाहू गेल्यास त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग जिवाच्या व आरोग्याच्या रक्षणासाठी केलेल्या नियमांचा. दुसरा सभ्यतेसाठी केलेल्या नियमांचा. आणि तिसरा वर्ग असा की, ज्यात नाव कपड्याचे असते, पण अडवावयाचे असते माणसाला. हे तीन वर्ग एकमेकांत मिसळू दिले म्हणजे घोटाळा होतो व मने दुखावतात. म्हणून आपण ते निरनिराळे करून पाहू.

पहिला वर्ग : रक्षणाचे नियम

मोठी करमणूक उद्याने आपल्याकडे तशी अलीकडची. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये उघडले, त्याच्या शेजारचे वॉटर किंगडम १९९८ मध्ये, आणि खोपोलीजवळील इमॅजिका २०१३ मध्ये. त्यापूर्वी आपली करमणूक म्हणजे गावची जत्रा आणि तिथला लाकडी पाळणा. त्या पाळण्यात आपल्या आया-आज्या कासोटा घट्ट खोवून बसत आणि कोणास त्यात काही वावगे दिसत नसे. परंतु ताशी कित्येक मैल वेगाने फिरणारे यंत्र आणि जत्रेतला पाळणा यांत फरक आहे. वेगाने फिरणाऱ्या चाकाला शालीनता समजत नाही आणि फॅशनही समजत नाही. सैल वस्त्र सापडले की ते ओढून घेते. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध अमेरिकन नर्तिका १९२७ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील नीस शहरी उघड्या मोटारीत बसली असता, तिच्या गळ्यातील लांब उपरणे चाकात गुंतले आणि ती तत्काळ मरण पावली. आपल्या देशातही, हरियाणातील पिंजोर येथे २०१८ च्या फेब्रुवारीत, शर्यतीच्या छोट्या गाडीच्या चाकात केस अडकून एका तरुण स्त्रीचा करुण अंत झाला. तेव्हा 'ओढणी काढून ठेवा, केस बांधा' असे सांगणारा नोकर आपला अपमान करीत नसतो. तो आपला प्राण वाचवीत असतो.

पाण्याच्या उद्यानातील नियमही याच जातीचे आहेत. सुती कापड पाणी शोषून जड होते व बुडणाऱ्यास खाली ओढते. त्याचे धागे सुटून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या जाळीत साचतात. कच्चा रंग पाण्यात उतरतो. जरीचा काठ, आकडे, पिना, धातूची बटणे यांनी घसरगुंडीच्या गुळगुळीत पृष्ठावर ओरखडे पडतात व मागून येणाऱ्याचे अंग खरचटते. नऊ वार लुगडे उंच घसरगुंडीवर सुटले, तर नेसणारीचे व तिच्या मागच्याचे काय होईल, याची कल्पना केलेली बरी. म्हणूनच अशा ठिकाणी नायलॉनचा, अंगाबरोबर बसणारा पोशाख मागतात. तो तोकडाच असला पाहिजे असे मात्र नाही. कोपरापर्यंत बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत विजारीचा नायलॉनचा पोशाख बाजारात मिळतो. ही गोष्ट आपल्या भगिनींना आधी कोणी सांगितली असती, तर त्या दोघी दिवसभर बाकावर बसून राहिल्या नसत्या.

फ्रान्समध्ये तर नगरपालिकांच्या बहुतेक तलावांत पुरुषांना सैल अर्धी चड्डी घालून उतरू देत नाहीत. तीच चड्डी रस्त्यावर वापरली जाते व तिच्याबरोबर धूळ पाण्यात येते, असे कारण देतात. तेथे पुरुषाचा सैल कपडा आक्षेपार्ह आणि घट्ट कपडा नियमाला धरून! आपल्याकडील एखाद्या आजोबांना हे सांगितले तर ते कानांवर हात ठेवतील.

परंतु नियम योग्य असून भागत नाही. तो कळविण्याची रीतही योग्य असावी लागते. न्यूयॉर्क शहराजवळ राय येथे 'प्लेलँड' नावाचे सरकारी मालकीचे जुने करमणूक उद्यान आहे. २०११ च्या ऑगस्टच्या ३० तारखेस, ईदच्या दिवशी, तेथे मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने सहलीस आली. वेगवान पाळण्यांवर डोक्यावर काही घालून बसू नये, असा त्या उद्यानाचा नियम होता. तो टोप्यांनाही लागू होता. परंतु डोक्याला रुमाल बांधलेल्या स्त्रियांना ऐन पाळण्यापाशी अडविण्यात आले, तेव्हा त्यांना तो आपल्या धर्माचा अपमान वाटला. शब्दाने शब्द वाढला, झटापट झाली आणि पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली. उद्यानाच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, आम्ही सहलीच्या चालकांना हे आधीच कळविले होते. तसे असेल तर ती गोष्ट चालकांपासून कुटुंबांपर्यंत पोहोचली नाही, एवढे निश्चित. सणाचा दिवस, मुले रडत आहेत, आणि वडील पोलिसांच्या ताब्यात! एका परिपत्रकाने टळला असता असा हा प्रसंग सहल काढणाऱ्या प्रत्येक मंडळाने लक्षात ठेवावा.

दुसरा वर्ग : सभ्यतेचे नियम

आता सभ्यतेकडे वळू. सभ्यता असावी याविषयी दुमत नाही. परंतु तिचे माप कोणते, हा प्रश्न उपस्थित झाला की दर पिढीगणिक निराळे उत्तर मिळते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात १९२२ साली सार्वजनिक स्नानाच्या जागी असा हुकूम होता की, स्त्रियांच्या पोहण्याच्या पोशाखाची कड गुडघ्याच्या वर सहा इंचांहून अधिक असता कामा नये. हातात मोजपट्टी घेऊन एक अधिकारी स्त्रीच्या गुडघ्यापासून अंतर मोजीत आहे, असे त्या वेळचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सभ्यतेच्या रक्षणासाठी परक्या पुरुषाने परक्या स्त्रीच्या पायाला पट्टी लावावी, यात असभ्य काय ते पाहणाऱ्याने ठरवावे.

त्याच देशात न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर जॉर्ज टिल्यू या गृहस्थाने १८९७ मध्ये 'स्टीपलचेस' नावाचे उद्यान काढले. तेथे एका खेळातून बाहेर पडणाऱ्यांना एका रंगमंचावरून जावे लागे. जमिनीतून एकाएकी वाऱ्याचा झोत येई, बायकांचे घोळदार झगे वर उडत, आणि समोर बसलेले प्रेक्षक हसत. त्या स्त्रियांचा पोशाख घोट्यापर्यंत होता. आपल्या कोणत्याही आजीने त्यास नाव ठेवले नसते. मग त्या रंगमंचावर असभ्य कोण होते? झगा नेसणारी, की झोत सोडणारा, की तिकीट काढून हसणारा? हा प्रश्न आम्ही पुढे पुन्हा घेणार आहोत.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड हे उद्यान १९५५ च्या जुलैच्या १७ तारखेस उघडले. कुटुंबांसाठी स्वच्छ आणि नीटनेटकी करमणूक, ही त्याची प्रतिज्ञा होती. या प्रतिज्ञेपायी साठोत्तरी काळात लांब केसांच्या तरुणांना दरवाज्यातून परत पाठविले जाई. १९७० च्या ६ ऑगस्टला 'यिप्पी' म्हणविणाऱ्या शेकडो तरुणांनी उद्यानात शिरून घोषणा दिल्या, आणि त्या दिवशी उद्यान वेळेपूर्वीच बंद करावे लागले. नोकरांवर तर निर्बंध याहून कडक. दाढीमिशी राखण्यास बंदी! गंमत अशी की, संस्थापक वॉल्ट डिस्ने यांना स्वतःला मिशी होती. तेव्हा त्यांच्या उद्यानातील नोकरीसाठी ते स्वतःच अपात्र ठरले असते. नोकरांना मिशीची परवानगी २००० साली मिळाली, दाढीची २०१२ साली, आणि २०२१ पासून अंगावरील गोंदणही दिसलेले चालू लागले. उद्यान तेच, कुटुंबे तीच. मिशी आली म्हणून कोणाचे मूल बिघडल्याचे ऐकिवात नाही.

तथापि या उद्यानाने सर्वच नियम सोडले, असे कोणी समजू नये. अनवाणी येऊ नये. अतिशय फाटके कपडे घालू नयेत. शरीराचा अवाजवी भाग उघडा टाकणारे कपडे नसावेत. कपड्यावर अगर गोंदणात अश्लील शब्द वा चित्र नसावे, असे नियम तेथे आजही आहेत. चौदा वर्षे व त्यावरील पाहुण्यांनी कथेतील पात्रांची सोंगे घेऊन येऊ नये, हा नियम तर मोठा विचारपूर्वक केलेला दिसतो. एखाद्या लहान मुलाने परक्या मोठ्या माणसास आपले आवडते पात्र समजून त्याच्यामागे जाऊ नये, ही त्यामागची काळजी. असा नियम आम्ही मनापासून मान्य करतो, कारण त्याचे कारण सांगता येते आणि ते ऐकून पटते.

कपड्यावरील शब्दांविषयी आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो. शाळेच्या वार्षिक संमेलनात चौथीतील एक मुलगा नवा कोरा सदरा घालून आला होता. आठवड्याच्या बाजारात आईने घासाघीस करून घेतलेला. त्याच्या छातीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत जे छापले होते, ते या सभेत सांगण्यासारखे नाही. माउलीला इंग्रजी येत नव्हते. तिला रंग आवडला होता. आम्ही त्या मुलास बाजूला नेले, सदरा उलटा करून घालावयास सांगितले, आणि मग तो नाटकात कामही करून गेला. आईला आम्ही दुसऱ्या दिवशी, कोणी जवळ नसताना, अर्थ सांगितला. तिने कपाळावर हात मारला, आणि पुढे मुलांचा कोणताही अक्षरांचा कपडा घेताना ती आम्हांस किंवा आमच्या सहकाऱ्यांस दाखवूनच घेऊ लागली. आज आपल्या घराघरांतून असे कपडे आहेत. मुलीच्या बाहीची लांबी मोजणाऱ्या पालकांनी मुलाच्या छातीवरील अक्षरे एकदा वाचून पाहावीत, अशी आमची विनंती आहे.

देवस्थानाची गोष्ट निराळी. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने २०२५ साली भाविकांच्या पोशाखाविषयी नियम जाहीर केला. देवदर्शनास जाताना तेथील रीत पाळावी, हे रास्तच. परंतु गाभाऱ्याचा नियम घसरगुंडीला लावता येत नाही आणि घसरगुंडीचा गाभाऱ्याला लावता येत नाही. स्थळ, प्रसंग आणि प्रयोजन पाहून वेष असावा, हीच आपली परंपरा आहे. नदीच्या घाटावर पंचा नेसलेला उघडा पुरुष आणि ओलेत्याने पायऱ्या चढणारी स्त्री यांना आपण कधी असभ्य म्हटले नाही. कारण घाटावर पाहावयाचे कोठे आणि मान वळवावयाची केव्हा, हे तेथे आलेल्या प्रत्येकास लहानपणापासून शिकविलेले असे.

तिसरा वर्ग : माणसाला अडविणारे नियम

आता जो भाग बोलणे आम्हांस सर्वांत आवश्यक वाटते, त्याकडे येतो.

करमणूक उद्यानांच्या दारावर कपड्यांआधी माणसाची कातडी पाहिली जाई, असा काळ फार दूरचा नाही. अमेरिकेतील बाल्टिमोरजवळचे ग्विन ओक उद्यान निग्रो कुटुंबांना बंद होते. कित्येक वर्षांच्या निदर्शनांनंतर १९६३ च्या ऑगस्टच्या २८ तारखेस ते सर्वांस खुले झाले आणि त्या दिवशी एक वर्षाचीही न झालेली कृष्णवर्णीय बालिका तेथील लाकडी घोड्यावर बसली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून लिहिलेल्या विख्यात पत्रात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख केला आहे. 'फनटाउन' उद्यानाची जाहिरात पाहून ती तेथे जाण्याचा हट्ट धरते आणि ते आपल्यासाठी नाही हे तिला सांगण्याची पाळी बापावर येते. त्या मुलीचा झगा कितीही स्वच्छ व सभ्य असता, तरी तिला प्रवेश नव्हता.

आपण मात्र अमेरिकेला नावे ठेवून मोकळे होऊ नये. आपल्या देशात कपडा हीच जातीची खूण केलेली होती. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांनी अंगभर वस्त्र घेतले, हाच वरिष्ठ जातींना अपराध वाटला. दीर्घ संघर्षानंतर १८५९ मध्ये महाराजांनी त्यांना अंग झाकण्याची मोकळीक दिली, तीही 'वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे नव्हे' या अटीवर. बंधुभगिनींनो, येथे उघडे अंग आक्षेपार्ह नव्हते, झाकलेले अंग आक्षेपार्ह होते! आपल्या महाराष्ट्रात १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची आणि अंगभर जड दागिने घालण्याची, जात ओळखू येईल अशी पद्धत टाकून द्या व नीट पायघोळ लुगडे नेसा, असा उपदेश त्यांनी केला. वस्त्र बदलणे म्हणजे मान ताठ करणे, हे त्यांनी ओळखले होते.

स्वराज्यानंतरही हा रोग पुरता गेला नाही. चेन्नईतील एका क्लबात २०१४ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना ते वेष्टी, म्हणजे आपल्या भाषेत धोतर, नेसून आले म्हणून प्रवेश नाकारला. तमिळनाडूच्या विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशा आडकाठीस बंदी घातली. साहेब गेल्यावर सदुसष्ट वर्षांनी साहेबाच्या पाटलोणीचा मान राखण्यासाठी आपल्याच देशातील धोतराला बाहेर उभे करण्यात आले!

हे सर्व आम्ही का सांगितले? आपली ज्ञातिसंस्था आहे. मुलामुलींच्या शिक्षणासाठी, गरजूंच्या साहाय्यासाठी पूर्वजांनी ती स्थापिली. अशा संस्थेने वेषाचा नियम करावयाचा तर आपला नियम या तिसऱ्या वर्गात तर जात नाही ना, हे दहा वेळा तपासून पाहिले पाहिजे. आलेल्या सूचना चिटणीसांनी आम्हांस वाचावयास दिल्या. त्या सर्व मुलींविषयी आणि सुनांविषयी आहेत. पुरुषांविषयी एकही नाही. गेल्या सहलीत आपले कित्येक बंधू केवळ आखूड चड्डीवर, उघड्या अंगाने, दिवसभर हिंडत होते. जेवणाच्या पंगतीतही तसेच बसले होते. त्यांच्याविषयी कोणाचीही तक्रार नाही. मग आपल्याला खरोखर सभ्यतेची चिंता आहे, की सुनेने सासूसासऱ्यांदेखत हसावे, ओले व्हावे, याचीच अडचण आहे?

आणि आता तो वाऱ्याच्या झोताचा प्रश्न. गेल्या सहलीनंतर पाण्यात खेळणाऱ्या भगिनींची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून या हातातून त्या हातात गेली. कोणी पाठविली, हे आम्हांस विचारावयाचे नाही. परंतु त्यामुळे आपल्या एका लेकीने यंदाच्या सहलीस येणार नाही असे आईस सांगितले, हे आम्हांस ठाऊक आहे. तिचा पोशाख उद्यानाच्या नियमास धरून होता. नियम तिने मोडला नव्हता. तो मोडणारा काठावर उभा होता. आपण तिच्यासाठी नियम करावयास निघालो आहोत आणि त्याच्यासाठी एक अक्षरही लिहिलेले नाही. ही गोष्ट या व्यासपीठावरून बोलणे कटू आहे. पण न बोलता खाली उतरणे शिक्षकास शोभले नसते.

आमच्या सूचना

तेव्हा कार्यकारी मंडळाच्या विचारार्थ पुढील सूचना नम्रपणे मांडतो.

(१) सहलीच्या जागेचे पोशाखाचे सर्व नियम चिटणीसांनी आधी विचारून घ्यावेत आणि कारणांसह परिपत्रकात छापून प्रत्येक घरी पोहोचवावेत.

(२) अंगभर असा नायलॉनचा पोशाख कोठे व काय किमतीस मिळतो, हेही त्यात द्यावे. ज्यांना विकत घेणे जड वाटेल, त्यांच्यासाठी मंडळाने काही जोड घेऊन ठेवावेत.

(३) ज्या वडीलधाऱ्यांना पाण्यात उतरावयाचे नाही, त्यांच्यासाठी सावलीची बैठक व करमणूक योजावी. सहल त्यांचीही आहे.

(४) उद्यानाच्या नियमांपलीकडे मंडळाने नियम केलाच, तर तो स्त्रीपुरुषांस सारखा असावा. भोजनाच्या वेळी सर्वांनी कोरडे व पूर्ण कपडे घालावेत, एवढा एक नियम पुरे आहे.

(५) कोणाच्या पोशाखाविषयी काही सांगावयाचे झाल्यास ते एकांतात, आणि स्त्रीला स्त्रीनेच सांगावे. चारचौघांत कोणाचा पाणउतारा करू नये.

(६) पाण्याच्या ठिकाणी, संबंधिताच्या संमतीवाचून कोणीही छायाचित्र घेऊ नये अगर पाठवू नये. हा नियम परिपत्रकात सर्वांत वर व ठळक अक्षरांत छापावा, आणि तो मोडणारास पुढील सहलीस नेऊ नये.

आमच्या वडील मंडळींच्या भावना आम्ही जाणतो, कारण आम्हीही आता त्यांच्यातच मोडतो. आपल्या डोळ्यांना सवय नसलेली गोष्ट पाहून संकोच होणे स्वाभाविक आहे, आणि त्या संकोचाची तरुणांनी थट्टा करू नये. प्रसंग ओळखून वेष करणे हेही शिक्षणच आहे. मात्र आपला संकोच आवरणे आपल्या हाती आहे. लेकीसुनांनी घरी बसणे हा त्यावरील उपाय नव्हे. यंदाच्या सहलीच्या यादीत त्या मुलीचे नाव पुन्हा दिसावे आणि काठावर अडविलेल्या त्या दोन भगिनी नायलॉनच्या पोशाखात का होईना, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या दिसाव्यात, एवढीच आमची इच्छा आहे.